मागचं तू बघ

"मिशी!" तात्या म्हणाले आणि चहाचा कप बाकावर आपटला. "गाडीला एक जरी झटका बसला तर मिशी उतरवतो. मारुतीच्या दुकानात, रस्त्याकडं तोंड करून. बोल, तू काय लावतोस?"

"मी काय लावू? मला मिशी कुठाय?"

"मग अब्रू लाव."

"ती तरी कुठाय त्याच्याकडं?" वरच्या गॅलरीतून पद्मावैनी म्हणाल्या. हात तांदळात होते, पण कान खाली सोडलेले.

सात वर्षं झाली ह्याला. इचलकरंजीत आमच्या कॉलनीच्या गेटाशी सिमेंटचा एक बाक आहे, रविवारी सकाळी तिथं सभा भरायची. सभा म्हणजे मी, रंगूतात्या भोरे आणि वरून पद्मावैनी. मी दिगंबर मगदूम. दुकानांत, कारखान्यांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचा माझा धंदा. दुसरा धंदा लोकांच्या खोड्या काढायचा. पहिल्यानं पोट भरतं, दुसऱ्यानं मन. कॉलनीच्या चेअरमनना भर दुपारी 'टँकर आला, टँकर आला' करून टॉवेलवर घागर घेऊन खाली उतरवलेलं मीच. चव्वेचाळिशी आली होती तरी बूड एका जागी टिकायचं नाही. बसलो तरी एक पाय हलतच असायचा.

तात्या एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर. आणि मिशी अशी, की टोकं गालावरून वर चढलेली. फाट्यावरची माणसं लांबून गाडीची पाटी वाचत नसत, काचेतली मिशी बघून हात करत. रिटायर झाल्यावर दोन महिने हा माणूस घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. मग चाकणला कंपनीत असलेल्या मुलानं प्लास्टिकचं स्टिअरिंग आणि पायातली पेडलं आणून कॉम्प्युटरला जोडून दिली, आणि तात्या परत ड्युटीवर हजर झाले. गेममधली बस. रोज दुपारी दोन ते चार.

कॉम्प्युटर मात्र सुनेचा. शर्वरीनं यंत्रमागाच्या कारखान्याच्या ऑफिसातली बिलं लिहायची नोकरी सोडून लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग धरलं होतं. कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर घेऊन त्याच्यावर दोन वर्षं रेटत होती. पुढच्या रविवारी तिचं नशीब ठरणार होतं. एका मोठ्या शेठच्या मुलीचं लग्न. सकाळी अक्षता, आणि संध्याकाळी रिसेप्शनला त्याच दिवसाची फिल्म पडद्यावर. बेडगे स्टुडिओनं हे काम तिला देऊ केलं होतं. जमलं तर बेडग्यांचं वर्षभराचं एडिटिंग तिच्याकडं. नाही जमलं तर परत बिलं. मागवाला शेठ तर आठवड्याला निरोप धाडत होता, "येतेस का परत?"

आणि तो जुना डबा दोन कॅमेऱ्यांचं चित्रण एकदम लावलं की चित्र सोडून सोडून दाखवायचा. नवरी हार उचलायची ते एकदम नवऱ्याच्या गळ्यातच. तात्यांची बस पण घाट लागला की गचके खायची. म्हणून दोघांत मिळून एक ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं. पंधरा हजारांच्या आत.

आता ह्या विषयात कॉलनीत माझ्याशिवाय शहाणा कोण? मी लगेच जुन्या बाजारात हात घातला. त्या वर्षी तिथं कार्डांचा ढीग होता. इंटरनेटची नाणी काढायला लोकांनी शेकड्यानं कार्डं राबवली होती, धंदा बसला आणि सगळी विकायला निघाली. मी एक हेरलं. तीन पंखे, हातभर लांब, नव्याच्या निम्म्या भावात.

शर्वरीनं शिवणकामाची टेप आणली. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं, आतली जागा मोजली, वहीत लिहिली.

"अण्णा, हे आत बसत नाही. दोन इंच बाहेर येतंय."

"येऊ दे की. पत्र्याला भोक पाडू."

"आणि ह्याला वेगळी पॉवर लागती, दोन दोन पिना. माझ्या पॉवर सप्लायला तसली पिनच नाही. जबरदस्तीनं जोडलं तर भर लग्नात बंद पडायचं." तिनं वहीचं पान माझ्यापुढं धरलं. "हे बघा. छोटं आहे, एकच पंखा, चार जीबी. वेगळी पॉवर नको, मदरबोर्डवरनंच घेतंय. नवीन आहे, गॅरंटी आहे."

"हे? हे कार्ड आहे का डबीवरचं झाकण?"

"इंजिन मोठं असून काय करायचं मर्दा," तात्या मधे पडले, "चासीला झेपलं पाहिजे. पोरीनं मापं घेतल्यात. तू काय घेतलंस? अंदाज!"

आणि त्या टोमण्यावरून रविवारी बाकावर पैज लागली. त्या झाकणावर तात्यांनी घाटातून अर्धा तास बस चालवायची. झटका बसला तर मिशी. नाही बसला तर मी कंडक्टरचा खाकी ड्रेस घालून शुक्रवारच्या बाजारातनं तिकिटं फाडत फिरायचं.

"ड्रेस आहे का पण?" मी विचारलं.

"आहे. इलाहीचा." इलाही मुल्ला म्हणजे तात्यांचा कंडक्टर. आता शिरोळला मुलाकडं होता. "रिटायर झाला तेव्हा ड्रेस, चामडी पिशवी, पंच, सगळं मला देऊन गेला. म्हणाला, तुझ्याकडंच राहू दे. एकोणीस वर्षं एका रूटवर होतो आम्ही. त्यानं दोन घंट्या दिल्या की मी गिअर टाकायचा. एकदा मागं वळून बघितलं नाही. मागचं त्याचं, पुढचं माझं."

"पुरे तात्या, रडवताय," मी म्हटलं. "बाजारात मी तुम्हालाच पहिलं तिकीट फाडतो. हाफ!"

बुधवारी कार्ड आलं. बसवायला अर्थात मीच. शर्वरी हळदीच्या शूटिंगला गेली होती. जाताना म्हणाली, "अण्णा, तुम्ही आहात म्हणून बिनघोर चाललेय."

चार वाजता मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भोऱ्यांच्या घरात. कॅबिनेट टेबलाच्या पोटात, भिंतीला पाठ लावून. तात्या खुर्चीत स्टिअरिंग धरून बसलेले, जणू गाडी फलाटाला लागली आहे.

"मागचं तू बघ," ते म्हणाले. "मी आपला पुढं बसतो."

मी टेबलाखाली शिरलो. कार्ड लोण्यासारखं बसलं. पोरीची मापं सुतानंही चुकली नव्हती. स्क्रीनची वायर कार्डात खोचली, चालू केलं, सॉफ्टवेअर टाकलं, आणि तात्या बाथरूमला गेले तेवढ्यात मीच जरा बस चालवून बघितली. काय सांगू! तेल लावल्यासारखी. घाट, वळण, समोरून ट्रक, कुठं म्हणून अडकेना.

मी हरलो होतो. शुक्रवारी बाजारात माझ्या अंगावर खाकी येणार होती.

आता कॉम्प्युटरच्या मागं स्क्रीनची वायर लावायला दोन जागा असतात. खालची नव्या कार्डाची. वरची मदरबोर्डची, जुनी. वरच्या जागी वायर लावली तरी चित्र दिसतं, पण ओढायचं काम जुनंच यंत्र करतं. म्हणजे नवा बैल गोठ्यात उभा आणि जू म्हाताऱ्याच्याच मानेवर. कॅमेरे बसवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

मी खाली वाकलो. वायर काढली. वर लावली. कॅबिनेट परत भिंतीला टेकवलं. दहा सेकंद.

मनात दुसरं काही नव्हतं, शपथ. उद्या मारुतीच्या खुर्चीत तात्या बसतील, मानेला फडकं, वस्तरा ओठाजवळ, आणि मी दारातनं ओरडणार, "थांबा! बस पळतीया!" तात्यांचा तो चेहरा मला बघायचा होता. मग चहा, भजी, हसणं. शर्वरीला पण तेव्हाच सांगितलं असतं. एका रात्रीनं काय बिघडतंय?

सहा वाजता ट्रायल. पद्मावैनी मुद्दाम खाली आल्या होत्या. चेअरमनही. शर्वरी नुकतीच परतली होती, गळ्यात कॅमेरा तसाच, हात हळदीनं पिवळे. तात्यांनी बस काढली. सपाटीला बरी पळाली. घाट लागला आणि दुसऱ्याच वळणाला गचका. मग गचक्यावर गचका. बस कड्यावरून खाली गेली ती पण तुकड्या-तुकड्यानं.

"मिशी गेली!" चेअरमननी टाळी वाजवली.

तात्यांनी पेडलावरचा पाय उचलला, हँडब्रेक ओढला. गेममध्ये हँडब्रेकचं काय काम, पण ओढला.

"मामा, उठा जरा," शर्वरी सासऱ्यांना म्हणाली आणि स्वतः बसली. तिनं हळदीचं चित्रण लावलं, दोन कॅमेरे एकदम. चित्र अडकलं. परत लावलं. परत अडकलं. फिल्म तयार करून बाहेर काढायला टाकली तर ती मात्र पहिल्यापेक्षा लवकर निघाली.

"असं कसं?" ती स्वतःशीच म्हणाली. "कार्ड काम करतंय पण आणि करत नाही पण. अण्णा, तुम्हाला काय वाटतं?"

माझा पाय हलायला लागला होता. म्हटलं, "नवीन आहे. एखाद्या दिवसानं बसेल."

"कार्ड म्हणजे काय चप्पल आहे का बसायला?" पद्मावैनी म्हणाल्या. सगळे हसले. मीच मोठ्यानं हसलो.

निघताना शर्वरी वही उघडून बसली होती. मापांवरून परत बोट फिरवत होती.

"उद्या दहा वाजता," तात्या दारात म्हणाले. "मारुतीकडं. शब्द तो शब्द."

"दहा म्हणजे दहा," मी म्हटलं.

त्या रात्री दोनदा चप्पल घालून जिन्यापर्यंत गेलो, सांगून टाकावं म्हणून. दोनदा परत आलो. सांगितलं असतं तर उद्याची मजा गेली असती, एवढंच कारण होतं. आता ऐकायला लाज वाटते, पण तेवढंच होतं.

गुरुवारी सकाळी सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगवाल्याचा कॅमेरा बंद पडला म्हणून फोन. आठला गेलो, हात कामात, डोळा घड्याळावर. शिडीवरून दोनदा पाय सटकला. नऊ चाळीसला शिडी तशीच टाकली, स्कूटर हाणली, नऊ पन्नासला मारुतीच्या दुकानासमोर. दहा मिनिटं हातात. आरशासमोर उभं राहून ओरडायचं वाक्य पाठ केलेलं होतं.

दुकानाच्या दारात पाच-सहा जण उभे. कुणी हसत नव्हतं.

तात्या खुर्चीतनं उठून फडकं झटकत होते. मी आधी ओळखलंच नाही. ओठावर पांढरी फटक पट्टी, बत्तीस वर्षं ऊन न लागलेली. सगळा चेहरा त्या पट्टीमागं उभा राहिल्यासारखा.

"हे काय?" माझ्या तोंडून निघालं. "दहा म्हणाला होतात."

"नऊला आले ते," मारुती हळूच म्हणाला. "साडेनऊला बसले. मी म्हटलं दिगूअण्णांना येऊ दे. ऐकेनात."

"अरे, गाडी दहाची असली तर ड्रायव्हर साडेनऊला डेपोत पाहिजे," तात्या म्हणाले. "सवय हाय." आणि आरशात न बघताच बाहेर आले.

हे मला कळायला पाहिजे होतं. सगळ्या कॉलनीला माहीत होतं. लग्नाच्या जेवणाला हा माणूस पंगत बसायच्या अर्धा तास आधी मांडवात. सगळ्यांची नाडी ओळखणारा मी, आणि हे विसरलो.

"बस स्कूटरवर," मलाच ते म्हणाले. "घरी चल. कार्ड तू बसवलंस, तूच काढ. दुपारी कुरिअरवाला यायचाय परत न्यायला. शर्वरी बेडग्यांना नाही म्हणायला गेलीया."

"आत्ता? गेली?"

"गेली की. आज सांगितलं तर ते दुसरा माणूस बघतील. ऐनवेळी फसवायचं नाही म्हणाली कुणाला."

स्कूटर मी कशी आणली मला ठाऊक नाही. तात्या मागं.

घरी जाऊन सरळ टेबलाखाली शिरलो. वायर वरनं काढली, खाली लावली. दहा सेकंद. बाहेर येऊन म्हटलं, "तात्या, जरा चालवून बघा."

"कशाला?"

"बघा तर."

तात्या बसले. घाट आला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. बस पाण्यावरनं चालल्यासारखी. तात्यांचे डोळे लहान पोरासारखे झाले. "आरं! आरं दिग्या! काय केलंस?"

"लूज होतं जरा," मी म्हटलं.

बघा, मी तसाच सुटलो असतो. मिशी गेली ती गेली, पण कुणाला काय कळणार होतं? वायर लूज. जगातल्या निम्म्या भानगडी लूज वायरवर खपतात, माझा तर धंदाच त्याच्यावर चालतो.

मी शर्वरीला फोन लावला. "पोरी, चालू झालं! वायर लूज होती. बेडग्यांना हो म्हणून सांग."

ती हळू आवाजात म्हणाली, "मी आत्ताच सांगितलं त्यांना कार्ड खराब निघालं म्हणून. थांबा." फोनवर बेडगे बोलताना ऐकू आले, "काल बंद, आज चालू. आणि रविवारी? पाचशे माणसांपुढं परत लूज झालं तर मी शेठला काय तोंड दाखवू? नको ताई. पुढच्या वेळी बघू."

"ऐकलंत ना अण्णा?" शर्वरी म्हणाली. "ठेवते."

आता मात्र उभं राहवेना. पळावं का बसावं कळेना. लूज म्हटलं तर काम गेलं. काम परत यायला एकच वाट होती, कार्ड कधी बिघडलंच नव्हतं हे कुणीतरी सांगायचं. आणि ते माहीत असणारा माणूस एकच होता.

"चला तात्या, बसा मागं."

"आता कुठं?"

"बेडग्यांकडं."

बेडगे स्टुडिओ मेन रोडला, वरच्या मजल्यावर. भिंतीवर नवरा-नवरींचे फोटो, सगळे एकाच कोनात हसणारे. बेडगे फोनवर होते, दुसऱ्या एडिटरचा नंबर शोधत. शर्वरी पिशवी उचलून निघायच्या बेतात. तिनं सासऱ्यांकडं बघितलं आणि तोंडावर हात घेतला. सकाळी ती निघाली तेव्हा मिशी होती.

"बेडगेशेठ," मी धापा टाकत म्हटलं, "फोन ठेवा. कार्ड खराब नाही. एक मिनिटसुद्धा खराब नव्हतं. आता घरी येऊन बघा, पाहिजे तेवढा वेळ चालवा."

"मग काल काय झालं होतं?"

"वायर चुकीच्या जागी होती. कार्डात न लावता दुसरीकडं लावलेली."

"कुणी लावली?"

"मी."

शर्वरीनं पिशवी खाली ठेवली. बेडग्यांनी फोन ठेवला. म्हणाले, "चुकून?"

हा शब्द माझ्यासाठीच ठेवला होता त्यांनी. सोपा, तीन अक्षरी. हो म्हटलं असतं तर काम शर्वरीला मिळालंच असतं, मी घटकाभर वेंधळा ठरलो असतो, आणि संध्याकाळी बाकावर त्याच्यावरनं हसलो असतो. मी तोंड उघडलं पण.

तेवढ्यात तात्यांचा हात वर गेला. विचार करताना मिशीचं टोक पिळायची त्यांची सवय. दोन बोटं ओठाजवळ गेली, तिथं काहीच नव्हतं, हवेत जराशी थांबली आणि खाली आली. त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "मुद्दाम लावली. पैज हरत होतो म्हणून. आणि तात्यांची गंमत करायची म्हणून."

रस्त्यावरून एक टेम्पो भोंगा वाजवत गेला. शर्वरीनं खिडकी ओढून घेतली.

"अण्णा," शर्वरी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं वाटलं असतं. "मी काल चार वेळा सगळी मापं परत घेतली. म्हटलं, तुम्ही मोठं घ्या म्हणत होता, मीच शहाणपणा केला. माझ्यात काही नाहीच असं वाटलं. सकाळी येताना मागाच्या ऑफिसात शेठला सांगून आले, एक तारखेपासून येते म्हणून."

मी तिच्याकडं बघू शकलो नाही. भिंतीवरची एक नवरी माझ्याकडं बघून हसत होती.

बेडग्यांनी चष्मा पुसला. "ताई, कार्ड तुम्हीच निवडलं होतं ना? मापं घेऊन?"

"हो."

"आणि बिघडलंय असं वाटल्यावर तीन दिवस आधी येऊन सांगितलं. दुसरा कुणी असता तर रविवारी सकाळी फोन बंद करून बसला असता." त्यांनी नंबरांची डायरी मिटली. "संध्याकाळी येतो बघायला. चाललं तर काम तुमचंच." मग माझ्याकडं वळले. "माझ्या ह्या स्टुडिओतले कॅमेरे तुम्हीच बसवलेत ना मगदूम?"

"हो शेठ."

"उद्या दुसऱ्या माणसाला बोलावून तपासून घेतो."

तात्या माझ्या मागनं जिना उतरले. मी स्कूटर काढली तर म्हणाले, "तू जा. मी रिक्षानं येतो सुनेबरोबर." आणि पाठ वळवून, "उद्या बाजारात. चार वाजता."

शुक्रवारी मी साडेतीनला बाजाराच्या तोंडाशी हजर. तात्या आधीच उभे होते, हातावर इलाहीचा ड्रेस घडी करून. इस्त्री केलेला. मी मारुतीच्या दुकानाच्या पडद्यामागं कपडे बदलले. इलाही माझ्यापेक्षा वीतभर उंच असणार, बाह्या दुमडाव्या लागल्या. खांद्याला चामडी पिशवी, एका हातात पंच, दुसऱ्या हातात चेअरमनच्या सायकलची काढून आणलेली घंटी.

तात्यांनी बगलेतनं प्लास्टिकचं स्टिअरिंग काढलं. वायर गुंडाळून खिशात घातलेली. दोन्ही हातांत धरून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. बोडक्या ओठाचा, साठी उलटलेला माणूस, हातात खेळण्यातलं स्टिअरिंग. मला वाटलं, लोक त्यांनाच हसतील. कुणी हसलं नाही. जे हसले ते माझ्याकडं बघून.

"चला, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, शिरोळ!" मी ओरडलो. "आत सरका, पुढं मोकळी आहे!"

"कंडक्टर, वांग्याची पाटी टपावर चढवू का?" भाजीवाली म्हणाली.

"पाटीचं लगेज पडेल मावशी!"

"ए, सुट्टं नाही माझ्याकडं!" पद्मावैनी कोथिंबीर नाचवत मागनं आल्या. "हाफ किती?"

"तुम्हाला डबल लागेल वैनी!"

हशा उसळला. खरं सांगू का, मला मजा यायला लागली होती. माझा स्वभाव तसला, फाशी दिली तरी दोरीला गाठ कशी मारली ते बघीन. कांदेवाला, पेरूवाला, चादरीवाला, सगळ्यांना तिकिटं फाडली. चेअरमन मुद्दाम टॉवेल खांद्यावर टाकून आले होते, "टँकर गाठायचाय, लवकर सोडा." पुढं शर्वरी उलटी चालत, कॅमेरा डोळ्याला लावून सगळं टिपत होती. कार्ड आदल्या संध्याकाळी बेडग्यांनी तासभर चालवून बघितलं होतं. काम तिचंच होतं. मागाच्या ऑफिसातही नाही म्हणून आली होती. मी तिच्यासमोर तिकीट धरलं.

"कुठं जायचं, ताई?"

"मी नाही बसत तुमच्या गाडीत, अण्णा," ती कॅमेऱ्याआडून म्हणाली. हसत म्हणाली, पण तिकीट घेतलं नाही. आज तिच्याकडं तीन कॉम्प्युटर आहेत, नवीन काही घेतलं की मला चहाला बोलावते, आणि मागची वायर स्वतः लावते.

मारुतीच्या दुकानासमोर तात्या थांबले. थांबायची एक घंटी मी दिली नव्हती, तरी थांबले. मारुती वस्तरा हातात धरून दारात आला. मागनं येणारी माणसं थांबली. गर्दीतला हशा हळूहळू विरला.

तात्या स्टिअरिंग धरून समोर बघत उभे. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि मानेवरची केसांची ताजी रेघ.

"तात्या?" मी म्हटलं.

मान वळली नाही. ते वाट बघत होते.

मग माझ्या लक्षात आलं, ड्रायव्हर असाच उभा राहणार. मागचं त्याला दिसत नाही.

मी मागं वळलो. एक म्हातारी टोपली घेऊन अगदी आमच्या पाठीशी बसली होती, तिला हात धरून उठवलं आणि कडेला नेलं. लिंबाच्या हातगाडीचं चाक रस्त्यात आलं होतं, ते सरकवलं. पद्मावैनींच्या पदराशी एक पोर लोंबकळत होतं, त्याला वर उचलून त्यांच्या कडेवर दिलं. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. परत एकदा बघितलं.

मग घंटी उचलली आणि दोनदा वाजवली.

तात्यांनी मागं न बघता गिअर टाकला.